तुतीखालचे नेचे

१४ जून

ढब्बू,

आशीर्वाद नंतर. आधी हे वाच आणि हातातला ब्रश खाली ठेव.

तुझं पत्र आज दुपारी आलं. मोठ्या अभिमानानं लिहिलं आहेस की माझ्या नेच्यांना रोग पडला होता आणि तू तो बरा केलास. पानांच्या पाठीवर तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसल्या, म्हणून साबणाच्या पाण्यात दातांचा ब्रश बुडवून तीन दिवस एकेक पान घासलंस. 'एकही किडा शिल्लक ठेवला नाही' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या आहेस. अरे शहाण्या, ते किडे नव्हते, बीजाणू होते. नेच्याला फूल येत नाही, फळ धरत नाही. पानाच्या पाठीवर ती तपकिरी पूड पिकते, वाऱ्यानं उडते, भिंतीच्या ओल्या फटीत पडते आणि तिथे पुढची पिढी उगवते. साप साप म्हणून भुई धोपटलीस ती धोपटलीस, वर शाबासकी मागतोस. वजनमापं खात्यात चाळीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासलेस. कुणाच्या मापात किती खोट आहे ते तुला दारातून कळायचं. मग पानाला ब्रश लावण्याआधी मला एक ओळ लिहून विचारायला काय झालं होतं?

माझा खुबा जुळतो आहे. काठी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते. लेकीचं घर आठव्या मजल्यावर, तिन्ही बाजूंनी काचा, दिवसभर ऊन. बसायला सावली नाही की टेकायला ओलसर भिंत नाही. लेक आणि जावई जीव लावतात, तक्रार करायला जागा नाही, म्हणून तुझ्यावर करते आहे.

आता नीट ऐक. पाणी सकाळी, मुळाशी, पानांवर नाही. वाळलेलं पान तसंच राहू दे, तेच त्यांचं खत आणि तेच थंडीतलं पांघरूण. आणि तुतीच्या झाडाला हात लावायचा नाही. त्या झाडाची सावली आहे म्हणून ते अंगण आहे. बाकी सगळं तू बिघडवलंस तरी मी निस्तरीन.

सप्टेंबरात मी परत येते आहे.

ताई


२३ जून

ती. ताईस साष्टांग नमस्कार, पाठ दुखत असतानाही.

ब्रश नवा होता, एवढं तरी लक्षात घे. आणि साबण तुझाच होता.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून मी या वयात पत्रं लिहायला लागलो, अक्षर सुधारलं, पोस्टातली बाई मला ओळखायला लागली. त्याचं कौतुक राहिलं बाजूला. माझी स्वतःची खोली बंद करून इथे तुझ्या घरी येऊन राहिलो, रोज सात पायऱ्या उतरून मागच्या अंगणात जातो, झारीनं पाणी घालतो. ठिपके मला रोग वाटले. मला काय माहीत की तुझी झाडं पाठीवर पोरं वागवतात? तुझ्या हाताखाली शिकायला मी काही तुझ्या प्रयोगशाळेतला शिपाई नव्हतो.

बाकी क्षेम. शेजारचा लॉन्ड्रीवाला पुन्हा कुरकुरत होता. तुतीची फळं त्याच्या वाळत घातलेल्या चादरींवर पडतात आणि जांभळे डाग निघत नाहीत. मी ऐकून घेतलं. तुझ्या लेकीच्या ओळखीचा एक दातांचा डॉक्टर परवा घर बघून गेला. त्याला जुनी बांधकामं आवडतात म्हणे. मी चहा दिला.

सप्टेंबरची घाई करू नकोस. हाड म्हणजे हाड असतं.

तुझा,
ढब्बू


४ जुलै

ढब्बू,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मी तुतीबद्दल लिहिलं आणि तू लॉन्ड्रीवाल्याच्या चादरींबद्दल लिहिलंस. लहानपणी खोडी काढल्यावर तू असाच आईला हवापाण्याबद्दल सांगायचास.

आणि तो दंतवैद्य माझ्या घरात कुठली दाढ बघायला आला होता?

मला काहीतरी वास येतो आहे. तीस वर्षं मी इस्पितळात काचपट्टीवर लोकांचं रक्त बघितलं. माणूस तोंडानं सांगायचा 'मी ठणठणीत आहे' आणि काचेवर वेगळंच दिसायचं. तेव्हापासून माझा तोंडावर विश्वास नाही, नमुन्यावर आहे. तर तू मला नमुने पाठव. पाचही नेच्यांचं एकेक पान, देठासकट काप, वर्तमानपत्राच्या घडीत चार दिवस दाबून ठेव, पुठ्ठ्यात घालून पाठव. नावं तुला लक्षात नसतील म्हणून सांगते. हंसराज नळाजवळ, काळ्या तारेसारख्या देठाचा. 'जीभ' दगडांच्या फटीत, अखंड लांब पान, बारा महिने हिरवं. 'राखाडी' पायरीच्या डाव्या हाताला, पानावर चांदी आणि देठ जांभळा. 'शिडी' भिंतीलगत, जाड आणि गडद. आणि तुतीच्या बुंध्याशी 'म्हातारा', छातीएवढा उंच. तो सव्वीस वर्षांचा आहे. तुझे भावोजी गेले त्या वर्षी लावला. माझ्याशी रोज बोलणारं त्या घरात तेवढंच उरलं आहे. मला ऐकू येत नाही आणि त्याला बोलता येत नाही, त्यामुळे आमचं छान जमतं.

पानं पाठव. बहाणे नकोत.

ताई


१७ जुलै

ती. ताईस सा. न.

सोबत चार पानं पाठवली आहेत. तू सांगितलंस तशी दाबली, वर शब्दकोश ठेवला आणि शब्दकोशावर इस्त्री. प्रत्येकावर चिठ्ठी लावली आहे. म्हाताऱ्याचं पान पुठ्ठ्यात मावत नाही, दुमडलं तर मोडतं, म्हणून राहू दिलं. त्याची काळजी करू नकोस.

इथे ऊन फार आहे. यंदा सगळीकडेच आहे म्हणतात. पानं थोडी कोमेजलेली दिसली तर त्याचं कारण तेच.

लेकीचं ऐकत जा. ती तुझ्यासाठी किती करते हे मला फोनवरून कळतं. सगळ्यांचं भलं बघणारी पोर आहे.

ढब्बू


२५ जुलै

माझ्या तोंडाला पानं पुसायला निघालास, तीही माझ्याच अंगणातली.

मी चारही पानं खिडकीशी धरून बघितली. जावयाचं भिंग घेतलं. आता मी तुला तुझ्या अंगणातलं सांगते, आठव्या मजल्यावर बसून.

राखाडीवरची चांदी उडाली आहे. पान फिकट, वाळक्या गवताच्या रंगाचं. ती चांदी सावलीत टिकते, दुपारचं ऊन थेट बसलं की जाते. हंसराज कडेनं भाजला आहे, टोकं कुरकुरीत. जिभेवर मधोमध पांढरट डाग आहे, तो उन्हाचा चटका, रोगाचा नाही. 'यंदा ऊन फार आहे' म्हणतोस. ऊन कितीही असलं तरी तुतीखाली उतरत नाही. गेल्या सव्वीस वर्षांत त्या अंगणात दुपारी बाराला मला दिव्याशिवाय वाचता आलेलं नाही. तिथे ऊन आलं याचा अर्थ एकच. झाड गेलं.

आणि चौथं पान. त्यावर तुझ्या सुवाच्य अक्षरात 'शिडी' लिहिलं आहे. माझ्या शिडीचं पान चामड्यासारखं जाड असतं, बर्फ पडलं तरी उभं राहतं. हे मऊ, पोपटी, हातात चुरगळणारं. हा बँकेच्या दारात कुंडीत ठेवतात तो नेचा आहे. पहिल्या थंडीत मरतो. तू रोपवाटिकेत जाऊन हे पान पैदा केलंस, चार दिवस दाबलंस, चिठ्ठी लावलीस. दुकानदाराच्या पारड्याला खालून शिसं लावलेलं असलं की तू दुकान बंद करायचास. आता तुझं काय करायचं ते सांग.

झाड तू का पाडू दिलंस तेही मला माहीत आहे. त्या लॉन्ड्रीवाल्यानं दोनदा दम दिला आणि तू मान हलवलीस. आयुष्यभर कुणाला नाही म्हणता आलं नाही तुला. त्याला मी वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात मी काही शिल्लक ठेवलेलं नाही.

म्हातारा कुठे आहे? एका ओळीत लिही.

ताई


२० ऑगस्ट

ताई,

नमस्कार वगैरे आज नाही. महिनाभर पत्र लिहीत होतो आणि फाडत होतो.

एका ओळीत लिही म्हणालीस, लिहितो. म्हातारा नाही. झाड पाडणाऱ्यांनी बुंधा ओढून काढला, त्याबरोबर तो मुळासकट आला, आणि त्यांनी तो गाडीत टाकून नेला. मी 'थांबा' म्हणेपर्यंत गाडी वळली होती. शिडी त्याच दिवशी तुडवली गेली.

लॉन्ड्रीवाल्याचा काही दोष नाही. उलट झाड कापताना तोच भिंतीवर चढून आडवा आला. त्याच्या इस्त्रीच्या खोलीला तुतीचीच सावली होती, आता तिथे उभं राहवत नाही. तुझं पत्र त्याला मिळालं. त्यानं ते परत आणून माझ्या हातात दिलं.

झाड पाडायला तुझ्या लेकीनं सांगितलं. दंतवैद्य घर दवाखान्यासाठी भाड्यानं घेणार आहे. त्याला मागे उजेड हवा आणि गाडी लावायला फरशी. कागद तयार आहेत, सप्टेंबरात तुझी सही घ्यायची आणि तू तिच्याकडेच कायमची राहायचीस, असं ठरलं. ती तुझ्यासमोर बसून माझ्याशी फोनवर हे बोलायची. तुला वाटत असेल भाजी काय आणायची ते चाललंय. मी हो म्हणालो. त्याची मला लाज वाटते. खोट्या पानाची त्याहून जास्त वाटते.

पण आता माझंही ऐक, कारण तू एकटीच रागावलेली नाहीस.

मार्चमध्ये तू त्या सात पायऱ्यांवरून घसरलीस तेव्हा तुला शोधायला मी आलो होतो. अकरा वाजता तू झारी घेऊन खाली गेलीस, हे तूच सांगितलंस. मी आलो तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. चार तास दहा मिनिटं. मी वेळ बघितली, सवयच आहे. तू ओल्या दगडावर आडवी होतीस, ओठ निळे, अंगाखाली शेवाळ. तू हाका मारल्यास म्हणतेस. पलीकडे लॉन्ड्रीची यंत्रं चालू होती. तुझी हाक तुला ऐकू येत नाही, ती किती हळू होती ते तुला कसं कळणार? आणि मी धावत खाली आलो तर तू मला पहिलं वाक्य काय म्हणालीस, आठवतं? 'जपून पाय टाक, कोंब फुटताहेत.'

ताई, मला तेव्हा तुला एक थोबाडीत द्यावीशी वाटली. रुग्णवाहिकेत तू माझा हात दाबून सांगितलंस, पोरीला पाच मिनिटं पडले होते म्हणून सांग. मी तसं सांगितलं. दोन महिने तेही खोटं वागवलं. मेमध्ये तिनं तुला परत पाठवायचं काढलं, तेव्हा मला राहवलं नाही आणि खरं सांगून टाकलं. ती फोनवर रडली आणि त्यानंतर तिनं झाडाचं काढलं. तिला वाटतं, त्या अंगणानं तुला जवळजवळ मारलं. मला तुझ्या नेच्यांबद्दल काही वैर नाही. पण मला ते दगड रोज दिसतात.

ढब्बू


२९ ऑगस्ट

ढब्बू,

तुझं पत्र लेकीच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, वाच. मग आम्ही भांडलो. जावई मध्ये पडायला आला आणि पाणी आणायच्या निमित्तानं निघून गेला. म्हणे शेजाऱ्यांनी दार वाजवलं. मला ऐकू आलं नाही.

मी तिला सगळं बोलले. माझं घर माझ्या जिवंतपणी दुसऱ्याला दाखवायला तुला कुणी सांगितलं, माझ्या बहिरेपणाचा पडदा करून माझ्यासमोर माझीच वाट लावलीस. तिनं ऐकून घेतलं. मग कागदावर लिहून माझ्यासमोर सरकवलं, मोठ्या अक्षरात, म्हणजे मला 'ऐकलं नाही' म्हणता येऊ नये. 'आई, तू चार तास पडली होतीस आणि मला पाच मिनिटं सांगितलंस. आधी खोटं कोण बोललं?'

तो कागद माझ्या पाकिटात आहे. मी पाच मिनिटं म्हणाले कारण मला माहीत होतं की खरं सांगितलं तर पोरगी मला उचलून नेईल. तिनं मला झाडाचं विचारलं नाही कारण तिला माहीत होतं मी नाही म्हणेन. आई तशी लेक, दोष कुणाला देऊ?

पण एक गोष्ट मी तिला लिहून दिली आणि तुलाही देते. मी नाही म्हणाले असते. म्हणून तर विचारायला हवं होतं. ज्याला नाही म्हणायची मुभाच नाही त्याला माणूस म्हणत नाहीत, सामान म्हणतात, आणि सामान हलवताना कुणी सामानाला विचारत नाही. तुम्ही दोघांनी मला प्रेमानं सामान केलंत. मला त्याचा राग आहे. तो उद्या जाईल असं समजू नकोस. म्हाताऱ्यासाठी मी रडले, तेही तुला कळू दे. तीन दिवस रडले.

सही मी करणार नाही. दंतवैद्याला कळव. दहा सप्टेंबरला सकाळच्या गाडीनं मी येते आहे. पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा बसवायला लोहाराला मीच पत्र टाकलं आहे. गळ्यात शिट्टी बांधीन. खाली उतरताना लॉन्ड्रीवाल्याला हात दाखवून उतरीन, परत आल्यावर पुन्हा दाखवीन. त्याची मी माफी मागितली, त्यानं तेवढं कबूल केलं. हे लेकीला मान्य नाही. ती म्हणते, घराचं कुलूप बदललं आहे आणि किल्ली मामाकडे आहे, मामा देणार नाही, त्यानं तसा शब्द दिलाय.

दिला आहेस का?

ताई


३ सप्टेंबर

ती. ताईस,

हो, दिला होता. मेअखेरीस तुम्हाला भेटायला आलो तेव्हा दिला होता, तू शेजारच्या खोलीत झोपलेली असताना.

आज सकाळी तिला फोन करून सांगितलं की मी शब्द मोडतो आहे. लपवून मोडला नाही. ती म्हणाली, आईला पुन्हा काही झालं तर ते तुझ्या डोक्यावर. मी म्हटलं, तिच्या डोक्यावर, तिचं डोकं जाग्यावर आहे. मग तिनं फोन ठेवला. पोर वाईट नाही. घाबरली आहे. मीही आहे.

किल्ली सोबत आहे, कापडात गुंडाळून. तिची दुसरी प्रत मी करून ठेवलेली नाही, तू येईपर्यंत बाहेर जाताना दार नुसतं लोटून जाईन.

अंगणाचं खरं खरं सांगतो. दुपारी ऊन सगळीकडे पोचतं. जीभ जगेल, दगडांच्या फटीत मुळं खोल आहेत. राखाडीचं मला सांगता येत नाही. हंसराजावर मी जुनी चादर बांबूला बांधून सावली केली आहे. चादर लॉन्ड्रीवाल्यानं दिली, जांभळ्या डागांची. भिंतीकडून फुटाफुटावर मापून कुठे किती वेळ ऊन असतं त्याचा तक्ता केलाय, तो दारातल्या पत्रपेटीत ठेवतो. घराच्या उत्तरेकडच्या भिंतीलगत तीन फुटांची पट्टी दिवसभर सावलीत आहे. तिथे नेचे लागतील असं मला वाटतं. मला वाटतं त्याला तू फार किंमत देऊ नयेस.

आता एक विचारायचं आहे. मला इथे राहायची सवय झाली आहे. माझी खोली सहा महिने बंद आहे, तिथे परत जायचं म्हटलं की पाय जड होतात. वरची लहान खोली रिकामी आहे. कुणीतरी घरात असलं तर लेकीलाही धीर येईल, पण हे मी तिच्यासाठी विचारत नाही, माझ्यासाठी विचारतो आहे. राहू का? तू नाही म्हणू शकतेस.

ढब्बू


७ सप्टेंबर

ढब्बू,

किल्ली मिळाली.

विचारलंस, बरं केलंस. नाही.

दहा तारखेला मी येईन तेव्हा घरात कुणी नको. दार मला एकटीला उघडायचं आहे आणि अंगण मला एकटीला बघायचं आहे. त्या वेळी माझं तोंड कसं होईल ते कुणी बघावं असं मला वाटत नाही, तू तर नाहीच. तू तुझ्या खोलीवर जा, खिडक्या उघड, जळमटं काढ.

बारा तारखेला सकाळी आठला ये. कुदळ आण. उत्तरेच्या भिंतीलगत खड्डे घ्यायचे आहेत, दीड फूट खोल, आणि माझ्यानं वाकवत नाही. मी खुर्चीवर बसून तुझ्यावर ओरडणार आहे. मला माझा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे तो किती चढतोय ते तूच सांग.

ताई